हिवाळी हिमालय, लेखांक ६ : शून्य अंशाचा धोका

गेल्या आठवड्यात आपण कोरड्या, भुरभुरीत बर्फाचा विचार केला. आज ओल्या, पाणथळ बर्फाचा, ज्याला ट्रेकर मंडळी ‘स्लश’ म्हणतात. उत्तराखंडातल्या केदारकंठ शिखराला निघणाऱ्या मराठी ट्रेकरची सॅक पाहिली तर सगळी तयारी शिखरावरच्या पहाटेची दिसते: जाड जॅकेट, दुहेरी हातमोजे, कानटोपी. ती हवीच. पण त्या पहाटेइतकीच, कित्येकदा जास्त, काळजी उतरताना दुपारी घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. शिखर सुमारे ३,८०० मीटरवर आणि पायथ्याचं सांकरी गाव सुमारे १,९०० मीटरवर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हा फरक धरला, तर वर उणे ८ असताना खाली अधिक ४ असतं. म्हणजे दमलेला माणूस एकाच दिवसात कोरड्या थंडीतून ओल्या थंडीत येतो, आणि थर्मामीटर वर चढतोय म्हणून निर्धास्तही होतो.

उणे १० अंशांवर बुटावर बसलेला बर्फ झटकला की पडतो. शून्याच्या आसपास तोच चिकटतो, वितळतो आणि आत शिरतो. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेवढंच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. बुटात गेलेल्या बर्फासाठी ही उष्णता पाऊलच पुरवतं. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे मोज्यात अडकलेल्या हवेची ऊब संपते. डाऊन जॅकेटचंही तेच होतं: पिसं ओली होऊन चिकटली की त्याची जाडीच उरत नाही.

ओली थंडी शून्याच्या वरही पाय निकामी करते याचा पुरावा मागायचा तर पहिल्या महायुद्धात, १९१४-१५च्या हिवाळ्यातल्या फ्लँडर्सच्या आघाडीकडे पाहावं. तिथल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय निकामी झाले, तेही पाणी गोठत नसलेल्या तापमानात. ‘ट्रेंच फूट’ हे नाव तिथलंच. पाय आधी पांढरा आणि बधिर पडतो, ऊब मिळाल्यावर लाल होऊन सुजतो, ठणकतो. हिमदंशासाठी तापमान शून्याखाली जावं लागतं. या इजेला ओल आणि वेळ पुरेसे असतात.

सह्याद्रीत वाढलेला ट्रेकर म्हणेल, आम्ही जुलैत दिवसभर भिजतो, काही होत नाही. खरं आहे, पण राजमाचीच्या वाटेवर तेव्हा हवा वीस अंशांच्या वर असते. ‘भिजायचंच आहे’ ही तिथली शहाणी वृत्ती हिमालयात सोबत नेऊ नये. दुसरा आक्षेप वॉटरप्रूफ बुटांचा. ते उपयोगी आहेतच, मात्र पाणी तळातून क्वचितच येतं. वरून पांढऱ्या, घट्ट दिसणाऱ्या बर्फावर पाऊल टाकावं, पाय गुडघ्यापर्यंत खचावा, खाली करड्या पाण्याचा थर लागावा आणि बर्फाचा लगदा बुटाच्या वरच्या कडेवरून घोट्याशी उतरावा, असं ते घडतं. गेटर्स (बुटाच्या कडेपासून पोटरीपर्यंतचं आवरण) नसतील तर महागडा बूट ते पाणी आत धरून ठेवण्याचंच काम करतो. तिसरा आक्षेप, चालत राहिलं की ऊब राहते. राहते, पण खचत चालण्याने घाम फुटतो आणि आतले कपडेही ओले होतात. मग थांबलं की गारठा दुप्पट वेगाने जाणवतो.

म्हणून शिखरावरून लवकर निघणं हे वेळापत्रकातलं सर्वांत महत्त्वाचं कलम मानावं. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळी वजन पेलतो. ऊन चढलं की तो दगा देतो, झाडांच्या बुंध्यांभोवती आणि झाकलेल्या ओढ्यांवर तर आधी. बुटांना लावलेल्या मायक्रोस्पाइक्सखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटून दात बोथट होतात, ते गोळे काठीने ठोकून पाडत राहावे लागतात. सुती मोजे घरी ठेवावेत, लोकरीचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखावा. सकाळी बूट ओलेच असतील तर कोरड्या मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून पाय घालावा, नाडी सैल ठेवावी, म्हणजे रक्त खेळतं राहील. आणि बधिर पाय शेकोटीजवळ मुळीच नेऊ नये, चोळूही नये: चटका बसला तरी त्या पायाला कळत नाही.