वक्र अवकाशकाळातील ऑपरेटरांचा वर्णपट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्वांटम सिद्धांतात मोजता येणारी प्रत्येक राशी एका ऑपरेटरने दाखवली जाते. मोजमापात त्या राशीची कोणती मूल्ये मिळू शकतात, हे त्या ऑपरेटरचा वर्णपट सांगतो. सपाट अवकाशकाळात हे गणित बरेच सरळ असते. गुरुत्वाकर्षणाने अवकाशकाळ वक्र झाला, की तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात: ऑपरेटर कोणत्या फलनांवर चालतो, कडेला कोणती अट लावली आहे आणि काळ कोणाच्या घड्याळाने मोजला आहे. ही उत्तरे बदलली, की तेच समीकरण वेगळा वर्णपट देते. या विषयातील बहुतेक गैरसमज यांपैकी एखादा प्रश्न वगळल्यामुळे होतात. या विषयात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयुकात मोलाचे काम झाले आहे.

गैरसमज १: वर्णपट म्हणजे आयगेन मूल्यांची यादी.

वस्तुस्थिती: आयगेन मूल्ये हा वर्णपटाचा फक्त एक भाग असतो. ऑपरेटरमधून एखादी संख्या वजा केल्यावर उरलेल्या ऑपरेटरला नीट, मर्यादित असा व्यस्त ऑपरेटर नसेल, तर ती संख्या वर्णपटात येते. हायड्रोजनच्या अणूत शून्याखालच्या ऊर्जा सुट्या असतात: −१३.६, −३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि पुढे शून्याकडे दाटत जाणाऱ्या. शून्याच्या वरचा सगळा पट्टा मात्र अखंड असतो आणि तिथे इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला नसतो.

अवकाशाच्या आकाराचा परिणाम लाप्लास ऑपरेटरवर स्पष्ट दिसतो. गोलाचा पृष्ठभाग बंदिस्त असल्याने तिथे मूल्ये सुटी येतात. त्रिज्येच्या वर्गाने भागलेल्या ०, २, ६, १२ या संख्या अनुक्रमे १, ३, ५ आणि ७ वेळा येतात. अमर्याद सपाट अवकाशात वर्णपट शून्यापासून अखंड पसरतो. ऋण वक्रतेच्या त्रिमित हायपरबोलिक अवकाशातही तो अखंडच असतो, पण शून्यापासून नव्हे, तर वक्रतेच्या मानाने ठरणाऱ्या एका धन मूल्यापासून सुरू होतो. तिथे खरे आयगेन मूल्य एकही नाही, तरीही वक्रतेची खूण वर्णपटात उमटते.

गैरसमज २: ऑपरेटरचे सूत्र कळले, की वर्णपट ठरला.

वस्तुस्थिती: सूत्राबरोबर सीमाअट सांगितल्याशिवाय वर्णपट ठरत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील वाहन-उद्योगात हे रोज पाहायला मिळते. एखाद्या ब्रॅकेटची मोडल टेस्ट घेताना तो बंजी दोरीवर मोकळा टांगतात, त्यावर एक्सलरोमीटर चिकटवतात, इम्पॅक्ट हॅमरने हलका ठोका देतात आणि आलेखातील शिखरांवरून नॅचरल फ्रिक्वेन्सी वाचतात. तोच ब्रॅकेट बोल्टने फिक्स्चरवर आवळून पुन्हा ठोकला, की शिखरे दुसरीकडे सरकतात. धातू तोच, जाडी तीच, बदललेली असते ती फक्त कडेची अट. म्हणून चाचणीच्या अहवालात जोडणी कशी होती, हे लिहावेच लागते.

गणितात हा फरक ‘सममित’ आणि ‘सेल्फ-अ‍ॅडजॉइंट’ ऑपरेटर यांच्यातला आहे. वर्णपट वास्तव असण्याची आणि काळानुसार उत्क्रांती एकमेव असण्याची हमी फक्त दुसऱ्या प्रकाराला मिळते. १९२९-३० च्या सुमारास जॉन फॉन नॉयमन यांनी सममित ऑपरेटर किती प्रकारे सेल्फ-अ‍ॅडजॉइंट करता येतो, याची कसोटी दिली. उत्तर ‘एकाच’, ‘अनेक’ किंवा ‘एकाही नाही’ असे येऊ शकते. अर्ध्या रेषेवरचा संवेग ऑपरेटर हे शेवटच्या प्रकाराचे उदाहरण आहे.

वक्र अवकाशकाळात याचे ठळक उदाहरण म्हणजे अँटी-डी सिटर अवकाशकाळ. त्याचे आकारमान अनंत आहे, पण प्रकाश त्याच्या कडेला जाऊन मर्यादित काळात परत येतो. त्यामुळे तिथे क्षेत्राच्या ऊर्जा सुट्या असतात. पीटर ब्राइटनलोनर आणि डॅनियल फ्रीडमन यांनी १९८२ मध्ये दाखवले, की चार मितींत वस्तुमानाचा वर्ग ऋण असला, तरी योग्य एककांत तो −९/४ पेक्षा खाली न गेल्यास क्षेत्र स्थिर राहते. हा वर्ग −२ असेल, तर एका सीमाअटीने ऊर्जा १, २, ३… अशा येतात, तर दुसरीने २, ३, ४… अशा. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती दोन वेगळ्या भौतिक व्यवस्थांची आहेत.

गैरसमज ३: तरंग ऑपरेटर हा काळ जोडलेला लाप्लास ऑपरेटर असून त्याचे नियमही तेच आहेत.

वस्तुस्थिती: अंतराच्या सूत्रात काळाचे चिन्ह अवकाशाच्या उलट असते आणि एवढ्यानेच चित्र पालटते. लाप्लास ऑपरेटरचा वर्णपट खालून बांधलेला असतो. तरंग ऑपरेटरचा वर्णपट सपाट अवकाशकाळातही दोन्ही दिशांना अमर्याद पसरतो, त्यामुळे त्याला तळच नसतो.

अवकाशकाळ स्थिर असेल, तर काळ वेगळा काढून उरलेल्या अवकाशीय भागाचा वर्णपट अभ्यासता येतो. काल्पनिक काळ घेऊन समीकरणाचे लाप्लास प्रकारात रूपांतर करणे ही भौतिकशास्त्रातील आवडती युक्ती आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. फिरणाऱ्या केर कृष्णविवरात काळ आणि फिरण्याचा कोन एकमेकांत गुंतलेले असल्याने असे सरळ रूपांतर मिळत नाही. तरंग ऑपरेटर स्वतः सेल्फ-अ‍ॅडजॉइंट ठरतो का, हा प्रश्नही बराच काळ मागे पडला होता. स्थिर अवकाशकाळांसाठी यान देरेझिन्स्की आणि डॅनियल झीमसेन यांनी २०१८ मध्ये, तर दूरवर सपाट होत जाणाऱ्या एका मोठ्या वर्गासाठी आंद्राश वाशी यांनी २०२० मध्ये त्याचे होकारार्थी उत्तर दिले.

गैरसमज ४: वर्णपट पूर्ण कळला, की अवकाशाचा आकारही पूर्ण कळतो.

वस्तुस्थिती: पुष्कळ कळतो, पण पूर्ण नाही. जॉन मिल्नर यांनी १९६४ मध्ये सोळा मितींतील अशी दोन टोरस दाखवली, की ज्यांचा आकार वेगळा आणि वर्णपट एकच. १९६६ मध्ये मार्क काट्स यांनी हाच प्रश्न ढोलाच्या सपाट कातड्यासाठी विचारला, तर १९९२ मध्ये कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोलपर्ट यांनी एकच वर्णपट असलेल्या दोन वेगळ्या सपाट आकृत्या रचून त्याचे नकारार्थी उत्तर दिले.

वर्णपटातून नक्की काय मिळते, ते हीट कर्नल सांगतो. अवकाशात उष्णता पसरू दिली, तर अगदी सुरुवातीच्या क्षणांतील तिच्या वागणुकीतून आधी आकारमान, मग एकूण वक्रता आणि पुढे वक्रतेच्या वर्गाच्या राशी मिळत जातात. या विस्ताराचा पाया एस. मीनाक्षीसुंदरम आणि ओके प्लेयेल यांनी १९४९ मध्ये घातला. वक्र अवकाशकाळातील क्षेत्र सिद्धांतात अनंत येणाऱ्या राशी वेगळ्या काढण्यासाठी याच विस्तारातील सहगुणक वापरले जातात.

मुंबईत टाटा संस्थेत काम करणारे विजय कुमार पटोडी (१९४५–१९७६) यांचे नाव या ठिकाणी येते. प्रत्येक घाताच्या डिफरेन्शियल फॉर्मसाठी हीट कर्नलच्या राशी वेगवेगळ्या काढून त्यांची एकाआड एक चिन्हांनी बेरीज केली, की नको असलेली सगळी पदे आपोआप रद्द होतात आणि फक्त आकाराचा टोपोलॉजिकल अंक उरतो, असा अंदाज हेन्री मॅकीन आणि इसाडोर सिंगर यांनी मांडला होता. पटोडी यांनी तो १९७१ मध्ये सिद्ध केला. पुढे मायकेल अटिया आणि सिंगर यांच्याबरोबर त्यांनी कडा असलेल्या अवकाशांसाठी निर्देशांक प्रमेय दिले. त्यातील ‘ईटा’ ही राशी इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या समीकरणातील डिरॅक ऑपरेटरची धन आणि ऋण मूल्ये किती असमान आहेत, हे मोजते. प्रत्येक आयगेन मूल्य वक्रतेबरोबर हलते, पण बंदिस्त अवकाशात उजव्या आणि डाव्या शून्य-स्थितींतील फरक हलत नाही. क्षेत्र सिद्धांतातील विसंगती या न हलणाऱ्या संख्येशी जोडलेल्या आहेत.

गैरसमज ५: निर्वातात कण किती, हा सर्वांसाठी एकच आकडा असतो.

वस्तुस्थिती: कणांची संख्या कोणत्या काळाच्या संदर्भात वारंवारता धन किंवा ऋण मानली, यावर अवलंबून असते. सपाट अवकाशकाळात सरळ जाणाऱ्या निरीक्षकाच्या ऊर्जा ऑपरेटरचा वर्णपट शून्यापासून वर असतो. एकसारख्या त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाचा काळ पुढे नेणारा ऑपरेटर ‘बूस्ट’ प्रकारचा असतो आणि त्याचा वर्णपट उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत पसरतो. स्टीफन फुलिंग (१९७३), पॉल डेव्हिस (१९७५) आणि विल्यम अनरू (१९७६) यांच्या कामातून दिसले, की हा निरीक्षक त्याच निर्वाताला तापलेले समजतो. हे तापमान त्वरणाच्या प्रमाणात वाढते, पण १ केल्व्हिनसाठी सेकंदवर्गाला सुमारे २.५ × १०²⁰ मीटर इतके त्वरण लागते.

शोधकाने टिपलेली टिकटिक म्हणजे कण, असेही सरसकट म्हणता येत नाही. आयुकातील थाणू पद्मनाभन (१९५७–२०२१) आणि एल. श्रीरामकुमार यांनी १९९६ मध्ये मर्यादित वेळ चालू ठेवलेल्या शोधकांचा अभ्यास केला. सरळ जाणारा शोधकही चालू-बंद करण्यामुळे प्रतिसाद देतो आणि हा प्रतिसाद शोधक किती झटक्यात चालू केला यावर अवलंबून असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

गैरसमज ६: निर्वात म्हणजे ऊर्जेच्या वर्णपटाचा तळ.

वस्तुस्थिती: ही व्याख्या ऊर्जा काळानुसार बदलत नसेल, तिथेच चालते. प्रसरण पावणाऱ्या विश्वात एका क्षणाचा तळ पुढच्या क्षणी तळ राहत नाही. लेनर्ड पार्कर यांनी १९६० च्या दशकात दाखवले, की अशा प्रसरणातून कण निर्माण होऊ शकतात. म्हणून वक्र अवकाशकाळात तळाऐवजी हादामार्ड अट वापरतात: अगदी जवळच्या दोन बिंदूंमधील सहसंबंध सपाट अवकाशकाळातल्यासारखाच तीव्र व्हावा. १९९६ मध्ये मारेक राडझिकोव्स्की यांनी ही अट सूक्ष्मस्थानिक वर्णपटाच्या भाषेत मांडली. वारंवारतेचे चिन्ह आता अख्ख्या विश्वासाठी न ठरवता प्रत्येक बिंदूपाशी ठरवले जाते. या अटीने एकच निर्वात मिळत नाही. ग्राह्य स्थितींचा एक वर्ग मिळतो आणि गणनेसाठी तो पुरतो.

गैरसमज ७: कृष्णविवराच्या कंपनांच्या वारंवारता ही त्याची आयगेन मूल्ये आहेत.

वस्तुस्थिती: सेल्फ-अ‍ॅडजॉइंट ऑपरेटरची आयगेन मूल्ये वास्तव असतात, पण कृष्णविवराची कंपने विरत जातात. तरंग क्षितिजात, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही अशा सीमेत, शिरतात आणि दूर निघून जातात. दोन्ही टोकांना ‘फक्त बाहेर जाणारा तरंग’ अशी अट असल्याने उत्तरे संमिश्र संख्यांत येतात. त्यांना अनुनाद म्हणतात. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये संगणकीय गणनेत ही विरती कंपने पहिल्यांदा दाखवली. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराचे मुख्य कंपन सुमारे १२०० हर्ट्झचे असते आणि ते साधारण अर्ध्या मिलिसेकंदात क्षीण होते. अशा खुणा गुरुत्वीय लहरींत शोधता येतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. आयुका त्यातील एक प्रमुख संस्था आहे.

गैरसमज ८: हॉकिंग प्रारण निखळ कृष्णपदार्थाचे असून मोठ्या दुर्बिणीने ते दिसेल.

वस्तुस्थिती: क्वांटम परिणामांमुळे कृष्णविवरातून निघणाऱ्या या प्रारणाचा वर्णपट क्षितिजापाशी औष्णिक असतो. बाहेर येताना कृष्णविवराभोवतीची वक्रता काही तरंग परत फिरवते, त्यामुळे दूरवर पोचलेल्या वर्णपटाला प्रत्येक वारंवारतेगणिक वेगळी कात्री लागते. डॉन पेज यांनी १९७६ मध्ये याची सविस्तर गणना केली.

सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान सुमारे ६ × १०⁻⁸ केल्व्हिन येते. विश्वाचे पार्श्वप्रारण २.७ केल्व्हिनचे असल्याने असे कृष्णविवर जेवढे प्रारण सोडते, त्याहून कितीतरी जास्त शोषते. पार्श्वप्रारणाहून जास्त तापण्यासाठी कृष्णविवराचे वस्तुमान चंद्राहूनही कमी हवे. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिचे काम शंभर मेगाहर्ट्झच्या वर चालते, तर सूर्यवस्तुमानाच्या कृष्णविवराचे हॉकिंग प्रारण काही किलोहर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे क्षीणतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी वारंवारताच जुळत नाही.

प्रयोगशाळेत मात्र समधर्मी प्रणाली तयार करता येतात. जेफ स्टाइनहावर यांच्या गटाने २०१९ मध्ये अतिशीत रुबिडियमच्या प्रवाहात ध्वनीचे क्षितिज निर्माण करून औष्णिक वर्णपट मोजला. त्यातून वक्र पार्श्वभूमीवरील तरंगांचे गणित तपासले जाते. प्रत्यक्ष गुरुत्वाकर्षणामुळे होणारे हॉकिंग प्रारण अजून कोणी मोजलेले नाही.