दहाचा दाब, चारचा दाब

२७ ऑक्टोबर २०१९ हा लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. त्याच दिवशी अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ झाले. दोनच दिवसांपूर्वी ते रत्नागिरीच्या पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर होते. त्याच्या केंद्रातला दाब पुढे ९२२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ असतो. पावसाने कोकणात कापणीला आलेले भात आडवे केले, पण वादळ किनाऱ्याला न लागता ओमानच्या दिशेने निघून गेले.

त्याआधी दहा वर्षे, ११ नोव्हेंबर २००९ रोजी, ‘फयान’ कोकण किनाऱ्याला लागून वर सरकले आणि अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले. त्याच्या केंद्रातला दाब ९८८ च्या आसपास. आकड्यात क्यारच्या पासंगालाही न पुरणारे हे वादळ रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक नौका आणि खलाशी घेऊन गेले. म्हणजे बातमीत येणारा केंद्रातला दाब वादळाची ताकद सांगतो. आपल्या अंगणापर्यंत त्यातले किती पोहोचणार, ते सांगत नाही. त्यासाठी आपल्याच ठिकाणचा दाब वाचावा लागतो, आणि उष्ण कटिबंधात तो वाचण्याची रीत वेगळी आहे.

भिंतीवरच्या जुन्या वायुदाबमापकाच्या तबकडीवर ‘रेन’, ‘चेंज’, ‘फेअर’ असे शब्द कोरलेले असतात. ते इंग्लंडच्या हवेसाठी आहेत. तिकडे एकामागून एक येणाऱ्या आवर्तांमुळे काटा वीस-तीस हेक्टोपास्कल सहज खालीवर होतो. ‘रेन’ हा शब्द साधारण ९८२ वर असतो. रत्नागिरीत जुलैत दाब १००५ च्या आगेमागे राहतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावात, छपरावर धो धो चालू असतानाही काटा ‘चेंज’ आणि ‘फेअर’च्या मध्ये उभा! आपला पाऊस किनाऱ्यालगतच्या उथळ कमी दाबाच्या पट्ट्याने आणि सह्याद्रीने अडवलेल्या वाऱ्याने पडतो. त्याला दाबाची मोठी घसरण लागत नाही.

मात्र आपल्याकडे काटा रोज एक ठरलेली चाल चालतो. सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, दुपारी चारला सर्वांत कमी. रात्री दहाला पुन्हा चढ, पहाटे चारला पुन्हा उतार. ही वातावरणाची भरतीओहोटीच आहे. समुद्राची भरती मुख्यतः चंद्रामुळे येते, ही सूर्याच्या उष्णतेमुळे. वरच्या थरातला ओझोन आणि खालची पाण्याची वाफ ऊन शोषतात, त्यातून ही लाट उठते. विषुववृत्ताजवळ ती ठळक असते, ध्रुवांकडे विरत जाते. रत्नागिरीत दहा ते चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कल उतार ही नेहमीची गोष्ट आहे.

गफलत होते ती इथेच. जहाजांवरचा जुना नियम सांगतो की उष्ण कटिबंधात दाब नेहमीपेक्षा तीन हेक्टोपास्कल खाली गेला तर संशय घ्या. पाच खाली गेला तर वादळ जवळ आहे असे समजा. हा नियम दहाच्या आणि चारच्या नोंदींत लावला तर रोजच वादळ येईल, आणि चार दिवसांनी माणूस काट्याकडे पाहणेच सोडून देईल. म्हणून मी वहीत दोन रकाने ठेवतो: दहाचा दाब आणि चारचा दाब. आजच्या दहाची तुलना कालच्या दहाशी, आजच्या चारची कालच्या चारशी. रोजची चाल वजा झाली की जे उरते तीच खरी घसरण.

घसरण दिसली की वारा पाहावा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला असतो. डच शास्त्रज्ञ बाईस बॅलट यांच्या नावाने हा नियम १८५७ पासून ओळखला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि दुपारी खारा. हे चक्र मोडून वारा दिवसभर दक्षिणेकडून येऊ लागला, तर कमी दाब पश्चिमेला, म्हणजे समुद्रात आहे.

हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरचा बावटा यांना हा पर्याय नाही. उपग्रहाला जे दिसते ते काट्याला दिसत नाही. पण मासेमारीची बंदी पावसाळ्यात असते, तर अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम पाऊस सरल्यावर येतो. तेव्हा आभाळ निवळलेले असते आणि नौका खोल समुद्रात असतात. आता दाब मोजणारा संवेदक बऱ्याच मोबाईलमध्येही असतो. तांडेलाने दहा आणि चार या दोन वेळा पाळल्या, तर रेंज नसलेल्या पाण्यातही माघारी फिरण्याचे एक कारण त्याच्या हाताशी राहील.