हप्त्याच्या नावाने आलेली फाईल उघडू नका



परवा आपल्या एका सभासदाच्या नंबरवरून बऱ्याच जणांना 'पीएम किसान' नावाची फाईल आली. त्यांनी ती पाठवलीच नव्हती, त्यांचा मोबाईल आधीच भामट्यांच्या ताब्यात गेला होता. म्हणून नंबर ओळखीचा आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नका.

फाईलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर तो कागद किंवा फोटो नाही, ते ॲप आहे. ते इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की तुमच्या बँकेचे ओटीपी भामट्याला दिसू शकतात, आणि खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

*कसं ओळखायचं?*
▪ "आजच केवायसी करा, नाहीतर २००० रुपयांचा हप्ता बंद" अशी घाई लावतात.
▪ पैसे जमा करतो म्हणून पिन मागतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

केवायसी राहिली असेल तर सीएससी केंद्रात जाऊन करा.

*चुकून इन्स्टॉल झालं तर?*
१. मोबाईल लगेच फ्लाईट मोडवर टाका.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा.
३. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.
४. गटातही सांगा. लाजून गप्प बसलात तर तीच फाईल तुमच्या नावाने पुढे जाईल.

आपली कंपनी कधीही ओटीपी मागत नाही. शंका आली तर उघडण्याआधी मला फोन करा.