लेकीच्या देशी जाताना

नाशिकला माझ्या थोरल्या बहिणीच्या दिवाणखान्यात गेल्या वर्षी महिनाभर एक वजनकाटा मांडलेला होता. त्यावर कधी बॅग चढत असे, कधी भाऊजी. बॅगेला विमान कंपनीची २३ किलोंची मर्यादा होती आणि भाऊजींना डॉक्टरांनी घालून दिलेली ७० किलोंची. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ताई आणि त्र्याहत्तराव्या वर्षी भाऊजी अमेरिकेत लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. त्या तयारीत मीही होतो. अनेक घरांत हाच विषय जेवणाच्या ताटावर निघतो आणि अर्धवट राहतो, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात झाली ती चार वर्षांपूर्वीच्या एका पहाटे. भाऊजी न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडले नाही, परंतु ताईला त्यांना उचलता येईना. शेजारचा मुलगा येईपर्यंत दोघेही ओल्या फरशीवर बसून होते. न्यू जर्सीतील भाचीला हे दोन दिवसांनी कळले आणि तेव्हापासून तिने एकच धोशा लावला, ‘आई, बाबा, आता इकडेच या.’ ती अमेरिकेची नागरिक आहे. एकवीस वर्षांवरील नागरिकाला आपल्या आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो आणि भावंडांच्या अर्जाप्रमाणे त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नसते. कागदोपत्री अडचण फारशी नव्हती. मात्र हे जाणे भीतीपोटी आहे की इच्छेने, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. भीतीपोटी गेलेली माणसे तेथे पाहुण्यासारखी राहतात, असे मी जवळून पाहिले आहे.

पहिली फेरी सर्वांची होते तशी मे महिन्यात झाली. हिरवीगार झाडे, रात्री आठपर्यंत उजेड, नातवंडांना सुट्टी. दोघेही आनंदात परतले. मी एवढेच म्हटले, ‘ताई, अर्ज करण्याआधी एक हिवाळा काढून ये.’ पुढच्या वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने दोघे तेथे राहिले. डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. रस्त्यावर बर्फ, त्यामुळे भाऊजींचे फिरणे बंद, आणि फिरणे बंद झाल्याने साखर वाढलेली. गाडी चालवता येत नाही, भाजीचे दुकान तीन मैलांवर. ताईने एके दिवशी फोनवर सांगितले, ‘सकाळी आठला सगळे जातात, आणि माझ्याशी बोलणारे पहिले माणूस संध्याकाळी सहाला घरी येते.’ ती रडली नाही. हिशेब मांडावा तसे बोलली. जायचे की नाही याचा खरा विचार त्या वाक्यानंतर सुरू झाला. ज्यांना जायचे आहे त्यांनी हिवाळा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये, असे माझे मत तेव्हापासून पक्के आहे.

भाचीनेही ते मनावर घेतले. तिने घर बदलले. नव्या घरापासून वाचनालय आणि दुकाने पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि आईवडिलांची खोली तळमजल्यावर आहे. न्हाणीघरात धरायच्या दांड्या तिने त्यांच्या येण्याआधीच बसवल्या. हे झाल्यावरच अर्ज गेला.

आरोग्याच्या तयारीला आम्ही सर्वाधिक वेळ दिला. अमेरिकेत पासष्टीनंतर मेडिकेअर मिळते, एवढे ऐकून पुष्कळजण निर्धास्त होतात. तेथे नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डधारकाला मात्र सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावरच त्यात प्रवेश मिळतो आणि तेव्हाही हप्ते भरावे लागतात. म्हणजे भाऊजींचे वय तोवर अठ्ठ्याहत्तर होणार. मधल्या काळासाठी राज्याच्या विमा-बाजारातून खासगी विमा घ्यावा लागतो. २०१० च्या कायद्यामुळे असा विमा मधुमेह किंवा जुन्या हृदयविकाराचे कारण दाखवून नाकारता येत नाही. पर्यटकांसाठीचा प्रवास-विमा निराळा. त्यात जुन्या आजारांचा खर्च बहुधा वगळलेला असतो. हा फरक ठाऊक नसल्याने फसगत होते. हप्त्याची रक्कम मुलांनी आधी काढून सर्वांसमोर सांगावी. आमच्याकडे ती ऐकून भाऊजी दोन दिवस गप्प होते, पण विमानतळावर कळण्यापेक्षा ते बरे.

मूळ मेडिकेअरमध्येही दातांचे नेहमीचे उपचार, चष्म्यासाठीची तपासणी आणि श्रवणयंत्र साधारणपणे येत नाहीत. त्यामुळे ताईच्या दोन दाढा, भाऊजींचा डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू आणि श्रवणयंत्र ही सारी कामे नाशिकलाच उरकली. प्रयाणाच्या दोन महिने आधी ती संपवली, म्हणजे टाके किंवा कवळी त्रास देऊ लागली तर आपलेच डॉक्टर हाताशी असतात. ग्रीन कार्डासाठीची वैद्यकीय तपासणी मात्र कोणत्याही डॉक्टरांकडे चालत नाही. वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, आमच्या बाबतीत मुंबईला, जावे लागते. छातीचा एक्स-रे काढतात आणि वयानुसार धनुर्वात, फ्लू, न्यूमोकोकल अशा लसी पाहतात. पूर्वी घेतलेल्या लसींचे कागद असतील तर पुन्हा टोचून घ्यावे लागत नाही. तेव्हा ते शोधून ठेवावेत.

औषधांच्या नावांचा गोंधळ मला सर्वांत धोक्याचा वाटतो. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो ते तेथे अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने विकतात. दम्याच्या पंपातील साल्बुटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते. नाव निराळे म्हणून औषध निराळे समजून दोन्ही घेतली, तर मात्रा दुप्पट होते, आणि पॅरासिटामॉलची जादा मात्रा यकृताला इजा करते. आमच्या डॉक्टरांनी प्रत्येक गोळीचे मूळ नाव, मात्रा आणि ती कशासाठी आहे हे एका कागदावर स्वच्छ टंकून सही करून दिले. त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक भाऊजींच्या खिशात, एक हातातल्या पिशवीत, एक भाचीकडे. औषधे मूळ वेष्टनातच आणि हातातल्या सामानात नेली. भाऊजींना दर तासा-दीड तासाने विमानात चार पावले चालायला ताईने उठवले. लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका उतारवयात अधिक असतो, तेव्हा पाणी पिणे आणि चालणे टाळू नये.

पैशाच्या बाबतीत तीनच गोष्टी सांगतो, बाकीचे सनदी लेखापालाला विचारावे. येथील बचत खाते अनिवासी म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर भारतातले निवृत्तिवेतन आणि व्याजही अमेरिकी करविवरणात दाखवावे लागते, आणि परदेशी खात्यांतील एकूण रक्कम वर्षात केव्हाही १०,००० डॉलरांवर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. तिसरे, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला दर वर्षी द्यावाच लागतो. त्याची सोय जाण्याआधी लावावी.

‘सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे’ हे स्वप्न पुष्कळजण ग्रीन कार्डाशी जोडतात. ते कार्ड तेथे राहण्यासाठी असते. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास विमानतळावर प्रश्न होतात, आणि परतीची परवानगी आधी न घेता वर्षाहून अधिक बाहेर राहिल्यास कार्डच धोक्यात येते. केवळ अधूनमधून भेटायला जायचे असेल, तर पर्यटक व्हिसावर जाणे-येणे बरे.

राहता राहिला घराचा प्रश्न. नातेवाइकांचा सूर एकच होता, ‘आता फ्लॅट विकून मोकळे व्हा.’ मी त्याला कडाडून विरोध केला. निदान दोन वर्षे घर विकू नये. परतीची वाट उघडी आहे हे ठाऊक असलेला माणूस तेथे अधिक मोकळेपणाने राहतो, आणि मुलांशीही बरोबरीने बोलतो.

बरोबरीने बोलण्यासारखे पुष्कळ होते. निघण्याआधी एका रविवारी भाची, जावई, ताई आणि भाऊजी व्हिडिओ कॉलवर अडीच तास बसले. स्वयंपाक रोज ताईने करायचा का? नातवंडांना शाळेतून कोण आणणार? ताईच्या हातात स्वतःचे पैसे किती असतील? ताईने स्पष्ट सांगितले की आठवड्यातून पाच दिवस नातवंडे सांभाळणे तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. जावई क्षणभर अवघडला, मग म्हणाला, ‘आई, हे आत्ता सांगितलेत ते बरे केलेत.’ शेवटी भाऊजींनीच तो विषय काढला जो कोणी काढत नव्हते. ते म्हणाले, ‘मला तिकडे काही झाले तर तिकडेच सगळे करा. मला पेटीतून आणू नका. अस्थी मात्र रामकुंडावर आणा.’ ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मृत्युपत्र केले, मला येथील व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र दिले आणि स्वतःला निर्णय घेता आला नाही तर उपचारांविषयी भाचीने काय ठरवावे, हेही लिहून ठेवले.

जाऊन त्यांना आता दहा महिने झाले. पहिले तीन महिने कठीण गेले. ताईचे वजन चार किलोंनी उतरले आणि भाऊजी चिडचिडे झाले. मग वाचनालयात ज्येष्ठांसाठीच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात ताईला एक गुजराती आणि एक कोरियन मैत्रीण मिळाली. तिघी बर्फाच्या दिवसांत मॉलमध्ये फेऱ्या मारतात. भाऊजींनी मराठी मंडळात पुस्तकांच्या नोंदींचे काम अंगावर घेतले आहे. रात्री ते अजूनही कधीकधी नाशिकच्या वेळेने जागे होतात आणि मला फोन करतात. मी दर दुसऱ्या शनिवारी त्यांच्या घरी जाऊन खिडक्या उघडतो, नळ सोडतो आणि कढीपत्त्याला पाणी घालतो.

येत्या नोव्हेंबरात दोघे अडीच महिन्यांसाठी येत आहेत. ताईने दंतवैद्यांची वेळ घेऊन ठेवायला सांगितली आहे, आणि भाऊजींनी वजनकाट्याची बॅटरी बदलून ठेवायला.