चॅम्पियन घोडा बाप म्हणूनही चॅम्पियन?

‘खाण तशी माती’ या म्हणीवर अमेरिका-युरोपातल्या हार्नेस रेसिंगचा सगळा पैदाशीचा धंदा उभा आहे. शर्यती मारणारा घोडा निवृत्त झाला की त्याची रवानगी स्टड फार्मवर होते आणि अजून जन्मालाही न आलेल्या त्याच्या शिंगरांचे भाव ठरू लागतात. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ही म्हण कधी तंतोतंत खरी ठरली आहे, तर कधी सपशेल आपटली आहे. त्यामागची कारणं पाहायची तर आधी काही समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज १ : हार्नेस रेसिंग म्हणजे महालक्ष्मीच्याच शर्यती, फक्त मागे गाडी जोडलेली.

वस्तुस्थिती : महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावतात ते थरोब्रेड घोडे. पाठीवर जॉकी आणि धाव चौखूर. हार्नेस रेसिंगमध्ये घोडा सल्की नावाच्या दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपलेला असतो आणि चौखूर उधळायला सक्त मनाई असते. ट्रॉटर दुडक्या चालीने धावतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलतो. पेसर एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. चाल मोडली की ड्रायव्हरला घोडा आवरून पुन्हा चालीवर आणावा लागतो, आणि तोवर बाकीचे पुढे निघून गेलेले असतात. अमेरिकेत या घोड्यांची जातच वेगळी आहे : स्टँडर्डब्रेड. १८७९ मध्ये तिच्या नोंदणीसाठी कसोटी ठरली ती मैलभर अंतर अडीच मिनिटांत कापण्याची. त्यामुळे इथे बापाकडून नुसता वेग मागत नाहीत. गर्दीत, दमछाक होत असतानाही चाल न मोडण्याचा थंड स्वभावही मागतात.

गैरसमज २ : मैदानावर जो अजिंक्य, तोच उत्तम बाप.

वस्तुस्थिती : या जातीचा मूळपुरुष हॅम्बलटोनियन रीतसर शर्यत कधी धावलाच नाही. १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज काउंटीत तो जन्मला. विल्यम रिसडिक नावाच्या शेतमजुराने लंगडणारी घोडी आणि तिचं हे शिंगरू मिळून १२५ डॉलरला विकत घेतलं. पुढे या घोड्याने तेराशेहून अधिक शिंगरांना जन्म दिला आणि आजचे जवळजवळ सगळे अमेरिकन स्टँडर्डब्रेड त्याच्याच वंशातले आहेत.

याच्या अगदी उलट कहाणी डॅन पॅचची. १९०६ मध्ये त्याने मैलभर अंतर १ मिनिट ५५ सेकंदांत कापलं. त्याच्या नावाने तंबाखूपासून खेळण्यांपर्यंत काय काय विकलं गेलं. पण त्याच्या शिंगरांपैकी बापाच्या जवळपास पोचणारं एकही निघालं नाही.

तिसरं उदाहरण एकाच काळातल्या जोडीचं. ब्रेट हॅनोव्हरने ६८ शर्यतींपैकी ६२ जिंकल्या. मेडो स्किपर त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि मैदानावर त्याच्या तोडीचा मुळीच नव्हता. ओव्हरट्रिक नावाचा प्रतिस्पर्धी मेडो स्किपरला वारंवार मागे टाकायचा. ब्रेट हॅनोव्हरची मुलं वाईट होती असं नाही, त्यांतल्या स्ट्राइक आउटने १९७२ ची ‘लिटल ब्राउन जग’ शर्यत जिंकली. पण पेसरांच्या पुढच्या पिढ्यांवर ठसा उमटला तो मेडो स्किपरचा. ओव्हरट्रिकलाही बाप म्हणून त्याची बरोबरी करता आली नाही.

गैरसमज ३ : मग चॅम्पियन घोडे बाप म्हणून फसतातच.

वस्तुस्थिती : हेही दुसरं टोक झालं. मेडो स्किपरचा मुलगा अल्बट्रॉस ७१ पैकी ५९ शर्यती जिंकून स्टडवर गेला आणि तिथेही अव्वल ठरला. त्याचा मुलगा नायाट्रॉस ३९ पैकी ३७ जिंकला. १९८० मध्ये लेक्सिंग्टनला मैलभर अंतर १ मिनिट ५० सेकंदांच्या आत कापणारा पहिला स्टँडर्डब्रेड तोच. त्याच्या पहिल्याच वर्षाच्या शिंगरांत निहिलेटर निघाला, ३८ पैकी ३५ विजयांचा. लोकांना वाटलं, आता हीच गादी चालणार. पण पुढच्या वर्षांची शिंगरं त्या उंचीची निघाली नाहीत. मेडो स्किपरचा वंश जोमाने वाढला तो दुसऱ्याच फांदीवर : मोस्ट हॅपी फेला, त्याचा कॅम फेला, त्याचा कॅम्स कार्ड शार्क आणि त्याचा बेटर्स डिलाइट.

अलीकडचं उदाहरण समबीचसमव्हेअरचं. नोव्हा स्कोशियातल्या मालकांनी त्याला ४० हजार डॉलरला घेतलं. २१ शर्यतींत तो हरला एकच, २००८ ची मेडोलँड्स पेस. पुढे त्याच्या पहिल्या वर्षाच्या शिंगरांतल्या कॅप्टनट्रेचरसने २०१३ मध्ये नेमकी तीच शर्यत जिंकली, आणि आज कॅप्टनट्रेचरस स्वतः बडा स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, आहे. फ्रान्समध्ये रेडी कॅशने २०११ आणि २०१२ ची प्री द’अमेरिक शर्यत जिंकली. त्याच्या बोल्ड ईगल आणि फेस टाइम बूर्बों या मुलांनीही ती प्रत्येकी दोनदा जिंकली.

गैरसमज ४ : शिंगरू चांगलं निघालं की श्रेय बापाचं.

वस्तुस्थिती : निम्मी जनुकं आईची, हे तर उघडच आहे. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातली जनुकं फक्त आईकडूनच येतात. अकरा महिने शिंगरू तिच्या पोटात वाढतं आणि नंतर तिच्याच मागे मागे फिरत जगायला शिकतं. दुसरी गोष्ट बाजाराची. नाव झालेल्या घोड्याची घोडी फळवण्याची फी जास्त, म्हणून त्याच्याकडे घोड्याही निवडक येतात. मग शिंगरं जिंकली तर त्यात घोड्याचा वाटा किती आणि घोडीचा किती? जाणकार म्हणूनच साधारण घोड्यांना झालेली शिंगरं आधी बघतात. आईने फारसं काही केलेलं नसताना शिंगरू धावलं, तर बापात खरंच काहीतरी आहे असं धरायला जागा असते.

गैरसमज ५ : चॅम्पियन निवृत्त झाला की शिंगरांना तोटा नाही.

वस्तुस्थिती : ग्रेहाउंडने १९३८ मध्ये १ मिनिट सव्वापंचावन्न सेकंदांचा ट्रॉटिंगचा विक्रम केला आणि तो १९६९ पर्यंत टिकला. पण घोडा लहानपणीच खच्ची केलेला, त्यामुळे वंशाचा प्रश्नच मिटला. फ्रान्सच्या ऊराझीने प्री द’अमेरिक चारदा जिंकली. स्टडवर मात्र त्याची प्रजननक्षमता कमी निघाली आणि मोजकीच शिंगरं झाली. कॅम फेलाला वृषणाच्या कर्करोगामुळे अखेर खच्ची करावं लागलं. त्याआधी उत्तम मुलं झाली होती, हे नशीब.

ज्याचं बीज चांगलं, त्याला मात्र इथे थरोब्रेडपेक्षा मोठा वाव असतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. पुण्याजवळच्या स्टड फार्मांवरही घोडी प्रत्यक्ष घोड्याकडेच न्यावी लागते. स्टँडर्डब्रेडमध्ये ते चालतं. घोड्याला गादी बसवलेल्या डमीवर चढवून वीर्य गोळा करतात, सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि त्याचे भाग करून थंड डब्यांतून दूरदूरच्या घोड्यांसाठी पाठवतात. गोठवलेलं वीर्य तर समुद्रापारही जातं. अशाने मोजक्याच घोड्यांचं रक्त सगळीकडे पसरतं आणि ही जात आतून अरुंद होण्याची भीती असते. म्हणूनच या खेळाच्या अमेरिकेतल्या संघटनेने नव्या स्टॅलियनला एका हंगामात १४० घोड्यांची मर्यादा घातली.

गैरसमज ६ : आता जनुक तपासलं की सगळं आधीच कळतं.

वस्तुस्थिती : २०१२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने डीएमआरटी-३ या जनुकातला बदल उजेडात आला. वेग वाढला तरी घोडा चौखूर न उधळता दुडकी किंवा पेसिंगची चाल धरून ठेवतो, त्यात या बदलाचा हात आहे. शोध मोठाच आहे, पण अमेरिकन स्टँडर्डब्रेडमध्ये हा बदल जवळजवळ प्रत्येक घोड्यात आहे, चॅम्पियनमध्ये आणि शेवटी येणाऱ्यातही. मग त्यावरून दोघांत निवड कशी करणार? जिंकायला लागणारा दम, पायांची मजबुती, फुप्फुसं, स्वभाव या गोष्टी असंख्य जनुकांच्या बारीक बारीक प्रभावांतून आणि तालमीतून घडतात. बापाच्या अंगात जमलेली ती मोट प्रत्येक शिंगरात नव्याने सुटते आणि नव्याने बांधली जाते. सख्खी भावंडंही म्हणूनच सारखी धावत नाहीत.

राहिला काळाचा हिशेब. आज घोडी फळवली तर शिंगरू पुढच्या वर्षी जन्मणार आणि त्यानंतर दोन वर्षांनी पहिल्यांदा धावणार. म्हणजे पहिल्या तीन हंगामांत घोडीचा मालक फी मोजतो ती निव्वळ बापाच्या जुन्या विजयांवर भरवसा ठेवून. चौथ्या हंगामापासून शिंगरांचे निकाल हातात यायला लागतात, आणि मग फी ठरते ती त्यांच्यावरून. बापाने किती करंडक जिंकले होते, हे कुणी विचारत नाही.