बर्फावरचे उड्डाण आणि आपली भीड

बडोद्याच्या घडियाळी पोळमध्ये थंडी म्हणजे अंगावर एखादी शाल आणि उत्तरायणाचे पतंग. पण इथल्या मराठी घरांतली मुले आता कॅनडा-अमेरिकेत आहेत. तिकडे आडगावी जायचे तर लहान विमानच सोयीचे. काही मुले तर विमान चालवायलाच शिकतात. तेव्हा बर्फातल्या उड्डाणाचे धोके आपल्यालाही ठाऊक हवेत.

पहिला धोका धावपट्टीचा. अर्धवट वितळलेला बर्फ चिखलासारखा चाकांना धरून ठेवतो. वेग येत नाही आणि पट्टी संपत येते. ऐनवेळी थांबावे, तर चाके घसरतात. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंचे विमान तिसऱ्या प्रयत्नातही उडाले नाही. २३ जण दगावले. पंखांवरचा बर्फ काढला नाही, असा ठपका कॅप्टनवर आला. १९६९ साली ब्रिटिश चौकशीने त्याला निर्दोष ठरवले. कारण होते पट्टीवरचा बर्फाचा चिखल.

दुसरा धोका पंखांवरचा. पॉलिशपेपरइतका खरखरीत थरसुद्धा विमानाला उचलणारे बळ सुमारे ३० टक्क्यांनी घटवू शकतो. लहान विमान बहुधा रात्रभर उघड्यावर असते आणि पंख तापवण्याची सोय त्यात क्वचितच असते. म्हणून निघण्यापूर्वी पंख आणि शेपूट हाताने चाचपून पाहणे, पूर्ण साफ करणे, याला पर्याय नाही.

तिसरा धोका माणसाच्या स्वभावातला. १० मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या ड्रायडन इथे एक विमान आधीच उशिरा निघत होते. बर्फात सापडलेले एक छोटे सेसना उतरेपर्यंत त्याला आणखी थांबावे लागले. पंखांवर बर्फ साचत होता. प्रवाशांत बसलेल्या वैमानिकांना तो दिसत होता, हवाईसुंदरीलाही दिसला. पण कॅप्टनला सांगायचे कसे, म्हणून सगळे गप्प राहिले. विमान पट्टीपलीकडच्या झाडीत कोसळले. ६९ पैकी २४ जण गेले.

भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. इथे ती त्याहून महाग पडली.

यात घरच्यांचाही वाटा असतो. ‘आजच पोहोच, सगळे वाट बघताहेत,’ हा प्रेमाचा आग्रह वैमानिकाच्या डोक्यावर ओझे होऊन बसतो. त्याऐवजी फोनवर एवढेच सांगावे: ‘बाळा, बर्फ असेल तर उद्या नीघ. आणि पंखावर काही दिसले, तर भीड न धरता बोल.’ जेवण काय, पुन्हा गरम करता येते.