आवाज उशिरा का येतो?

माहुलच्या खाडीकाठी उभे राहून दूरवर होडी दुरुस्त करणाऱ्या सुताराकडे पाहावे. हातोडा पडलेला आधी दिसतो आणि त्याचा ठोका मागाहून ऐकू येतो. प्रकाश जणू तत्क्षणी पोहोचतो. ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर एवढ्याच वेगाने चालतो.

असाच उशीर संगणकातही होतो. तळहाताएवढ्या संगणकाला रबरी पट्टी जोडून तिच्यावर थाप मारली की ढोलकीचा बोल निघावा, अशी योजना करता येते. असे संगणक बहुधा लिनक्स या प्रणालीवर चालतात. परंतु थाप आता आणि बोल नंतर, असे झाले तर वादकाचा हात अडखळतो व ताल बिघडतो.

याचे कारण काय? संगणक ध्वनी आकड्यांच्या रूपाने हाताळतो. एका सेकंदाच्या ध्वनीसाठी बहुधा ४८,००० आकडे लागतात. ते एकेक न पाठवता, घागरीने पाणी द्यावे तसे तो एकत्र भरून पाठवतो. या घागरीस बफर म्हणतात. घागरीत १,०२४ आकडे असतील, तर ती रिकामी होण्यास सुमारे २१ सहस्रांश सेकंद लागतात. नव्या थापेला तोवर ताटकळावे लागते. घागर १२८ आकड्यांची केली, तर हा वेळ तीन सहस्रांशांहूनही कमी होतो.

परंतु लहान घागर लवकर रिकामी होते. पुढची भरण्याआधीच संगणक दुसऱ्या कामात गुंतला, तर धार तुटते आणि आवाजात कटकट उमटते.

अशा वेळी दोष क्रमाने शोधावा. प्रथम घागर मोठी करावी. कटकट थांबली, तर संगणकाला वेळ पुरत नाही, असे समजावे; न थांबल्यास तारा व जोडण्या तपासाव्यात. वेळ पुरत नसेल, तर अनावश्यक कामे बंद करावीत. संगणक फार तापला किंवा त्याला वीज अपुरी पडली, तरीही त्याचा वेग मंदावतो, तेही पाहावे. शेवटी ध्वनीच्या कामाला अग्रक्रम द्यावा. तातडीचे काम ठरल्या वेळी पार पाडण्याची विशेष व्यवस्था २०२४ साली लिनक्सच्या मूळ गाभ्यातच समाविष्ट झाली. मात्र एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या उपायाने गुण आला, हे कळत नाही.

त्यानंतर घागर पुन्हा हळूहळू लहान करीत जावे. ती १२८ आकड्यांवर निर्वेध चालली, की तिच्यापायी होणारा उशीर ढोलकीपासून जेमतेम एक मीटर दूर बसल्याइतकाच उरतो. तेवढ्याने ताल चुकत नाही.